बुधवारचा भोंगा

२० ऑगस्ट २०२४
वेल्डन, आयोवा

बाबा,

वर 'तीर्थरूप' वगैरे लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आली मोठी शहाणी.

मी निघाले तेव्हा तुम्ही ओट्यावर पाठ करून बसला होतात. आईने मला बळेच तुमच्या पायाशी वाकवलं, तर तुम्ही पाय आखडून घेतलेत आणि म्हणालात, "जातंस तं जा. पन पोचलीस का नाय, जगलीस का मेलीस, मना कलवू नको." तुमचा शब्द मी एकदा मोडलाय, तेवढा पुरे. म्हणून पोचले की नाही ते कळवत नाही. बाकीचं कळवते. बाकीच्याला तुम्ही मनाई केलेली नाही.

फोन करून उपयोग नाही. आईच्या फोनवर माझा आवाज आला की तुम्ही उठून मागच्या दाराला जाता म्हणे. पत्राला आवाज नसतो, म्हणून पत्र.

हे गाव म्हणजे मधे कॉलेज आणि चारी बाजूंनी मका. बस्स. आपली भातशेती कारखान्यांत गेली आणि तुमची पोर इथे लोकांच्या मक्याखालची माती तपासायला आली, यावर तुम्ही हसला नाहीत तर मीच हसून घेते. रस्ते इतके सरळ की टोकाला काय आहे तेही दिसतं, आणि टोकाला काहीच नसतं. आपल्या नावड्याला दाराबाहेर पाऊल टाकलं की टँकर, रिक्षा, कुणाच्या तरी हळदीचा डीजे. इथे दुपारी खिडकीत उभी राहिले तर एक माणूस कुत्रा घेऊन गेला आणि मग संध्याकाळपर्यंत कुणी नाही. मला वाटलं, गाव खाली केलंय आणि मलाच कुणी सांगितलं नाही.

घरमालकीण लॉरेनबाई सत्तरीची आहे. गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. ती दाराला कुलूप लावत नाही. मी लावते, वर खुर्ची टेकवून ठेवते. माझी खोली अगदी वर, छपराखाली. कपडे धुवायचं मशीन तळघरात आहे. तिने कौतुकाने तळघराचं दार उघडून दाखवलं. खाली उतरत्या लाकडी पायऱ्या, अंधार, आणि दमट वास. मी म्हटलं, नंतर बघते. कपडे मी बाथरूममध्ये बादलीतच धुते.

बाबा, मला भीती वाटते. सरळ लिहिते, कारण तोंडाने हे मी कुणाला सांगणार नाही. प्रीतमच्या आईने साखरपुड्यानंतर म्हटलं ना, "सून शिकाला परदेशात? आमच्यात नाय", तेव्हा तुम्ही गप्प बसलात आणि मी बसले नाही. लग्न मोडलं मी, आणि जासईला जाऊन त्यांच्या ओट्यावर मान खाली घालून बसायची पाळी आली तुमच्यावर. एवढं सगळं करून इथे आले, आणि आता साधं कपडे धुवायला खाली जायला टरकते. हे तिथे कळलं तर अख्खं गाव हसेल.

बॅग उघडली तर सगळ्यात वर तुमचा लाल चौकडीचा पंचा निघाला. आईने घातला असणार. उशाशी ठेवलाय.

उन्नती


५ सप्टेंबर २०२४

बाबा,

परवा गणपती. आई म्हणाली, या वर्षी मखर तुम्ही एकट्याने केलंत आणि कुणाला हात लावू दिला नाहीत. कसं झालंय ते विचारलं तर म्हणाली, वाकडं.

मला तुम्हाला कालचं सांगायचंय. सांगताना लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाला ते कळणारही नाही.

काल बुधवारी सकाळी मी प्रयोगशाळेत होते. मातीच्या नमुन्यांच्या काचनळ्या मांडत होते आणि भोंगा वाजला.

आपल्या कंपनीचा भोंगा, बाबा. तसाच. खालून वर चढत जाणारा, वर जाऊन थांबणारा, मग परत खाली येणारा. माझ्या हातातली नळी फुटली. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, कारण करणारी मी नव्हतेच, तुम्ही शिकवलेले हातपाय होते. रोज सोबत बाळगते तो तुमचा पंचा पिशवीतून काढला, नळाखाली धरला, पिळला, नाकातोंडाला बांधला आणि जिन्याने वर पळत सुटले. वर्गावर्गाची दारं ठोकत ओरडत होते, "गॅस! गॅस सुटलाय! वर चला!" मराठीत ओरडत होते हे नंतर कळलं. सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन खिडकी उघडली आणि वारा कुठचा आहे ते बघायला हात बाहेर काढला. खाली हिरवळीवर पोरं बसली होती. कॉफी पीत. एक जण झोपला होता. मला वाटलं, मेले सगळे.

मग माझे सर वर आले. त्यांनी माझ्या तोंडावरच्या ओल्या फडक्याकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की ही चाचणी आहे. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी वाजतो. इथे गॅसचा नसतो तो, चक्रीवादळाचा, टोर्नेडोचा असतो.

"आणि खरा वाजला तर?" मी विचारलं.

"तर खाली जायचं. तळघरात. जितकं खाली जाता येईल तितकं."

मग वेड्यासारखी रडायला लागले. त्यांना वाटलं घाबरले. घाबरलेच होते, पण त्यांना वाटलं त्याला नाही.

तुम्हाला ठाऊक आहे कशाला. पुतळाआत्या. कंपनीत गॅस सुटला तेव्हा तुमची ड्युटी होती आणि भोंगा तुम्हीच वाजवलात. कंपनीने गावात कुणाला सांगितलंच नव्हतं की वाजला तर करायचं काय. दिवेलागणीची वेळ. आत्या घाबरली आणि दारंखिडक्या लावून जुन्या घरातल्या भाताच्या खोलीत जाऊन बसली, त्या दोन पायऱ्या उतरून असलेल्या. सगळ्यात आतली, सगळ्यात खालची, म्हणून तिला ती सगळ्यात सुरक्षित वाटली. मी तेव्हा लहान होते, आईने मला उचलून बंगलेवाल्यांच्या गच्चीवर नेलं होतं. तुम्ही ड्युटी संपवून आलात आणि आत्याला त्या खोलीतून तुम्हीच बाहेर काढलंत. श्वास नव्हता.

त्यानंतर तुम्ही अख्ख्या गावाला शिकवायला घेतलंत. दर रविवारी देवळासमोर आम्हा पोरांना उभं करून, "भोंगा वाजला तं?" आणि आम्ही एका सुरात, "फडका वला करायचा, वारा बघायचा, वर जायचं!" "खाली कला नाय जायचं?" "गॅस खाली बसतो!" आम्हाला तो खेळ वाटायचा. नंतर खेळ राहिला नाही. आपल्या घरी अजून कुणी जमिनीवर झोपत नाही.

संध्याकाळी लॉरेनबाईला सगळं सांगितलं. ती हसली नाही. माझा हात धरून तिने मला तळघराच्या दारापाशी नेलं आणि म्हणाली, "हे बघ पोरी, हा वाजला की डोकं चालवायचं नाही. खाली." मी पहिली पायरी उतरले आणि मटकन तिथेच बसले. तिने मला वर ओढलं. सत्तरीच्या बाईने, गुडघे गेलेल्या.

उन्नती


४ डिसेंबर २०२४

बाबा,

आई म्हणते, माझी पत्रं फ्रिजवर पडून आहेत. "उघडत नाय, पन फेकत बी नाय. परवा मी फ्रिज पुसाला गेली तं माज्या अंगाव आला." म्हणजे मी हे सगळं फ्रिजला लिहितेय तर. ठीक आहे. फ्रिज थंड डोक्याने तरी ऐकेल.

बर्फ पडलंय. सुंदर आहे, सगळे म्हणतात तसं. मला त्याचीही भीती वाटते. सगळे आवाज खाऊन टाकतं ते. चालताना मागे कुणी आलं तरी ऐकू येत नाही, म्हणून मी सारखी मागे बघत चालते. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, तू कुणाला शोधतेस का?

आज पहिला बुधवार. इथे आता प्रथाच पडलीय. सकाळी लॉरेनबाई कॉफीचा मग घेऊन तळघराच्या दारापाशी येते, मी पंचा घेऊन येते. भोंगा वाजतो. मी उतरायचा प्रयत्न करते. ती मागून म्हणते, "श्वास घे. इथे कसलाही गॅस नाही. माझं मांजर खाली झोपलंय, बघ." ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या पायरीवर गेले. आज तिसऱ्या. तिसऱ्या पायरीवर उजवीकडे भिंतीला एक खिळा आहे, त्याला धरून उभी राहिले. त्याच्या पुढे पाय जात नाही. भोंगा वाजला की माझ्या डोक्यात तुमचा आवाज चालू होतो, वर जायचं, वर जायचं. लॉरेनबाईचा आवाज त्याच्यापुढे कुठे टिकणार? ती बिचारी इंग्रजीत बोलते.

इथल्या डॉक्टरलाही दाखवलं. चांगली बाई आहे. म्हणाली, तुझ्या मनाने जुना धोका धरून ठेवलाय. मी म्हटलं, मनाने नाही हो, माझ्या बाबांनी.

वादळांचे दिवस वसंतात येतात, मार्च ते जून. लॉरेनबाईने सांगितलंय, वरच्या खोलीत त्या वेळी थांबणं म्हणजे मरण. तेव्हा मी ठरवलंय की होळीपर्यंत मला खाली उतरता आलं नाही तर हे सगळं सोडून परत यायचं. अर्धवट शिक्षण घेऊन. जासईवाल्यांना हसू द्या.

उतरता येईल असा एकच उपाय मला दिसतो. तुम्ही मला सांगा की खाली गेलं तर चालतं. ज्याने ते डोक्यात घातलंय त्यालाच ते काढता येईल. एका ओळीचं काम आहे. फ्रिजला वाचता आलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं.

पंच्याचं आईला विचारलं. ती म्हणाली, "मी नाय ग ठेवला. मना वाटलं तूच घेतलास." मी घेतला नव्हता, बाबा.

उन्नती


१४ मार्च २०२५

बाबा,

काल होळी झाली असेल. तुम्ही गावच्या होळीला नारळ वाहिला असेल, नेहमीसारखा.

हे पत्र लहान आहे. अक्षरही बघू नका.

दुपारी आभाळ हिरवं झालं. हिरवं, बाबा, शेवाळ धरलेल्या तळ्यासारखं. पक्षी एकदम गप्प झाले. भोंगा वाजला नाही, नुसता फोनवर इशारा आला, वादळ दक्षिणेकडून निघून गेलं. पण तेवढ्यात मी काय केलं सांगू? पंचा ओला करून खुर्चीवर चढून उभी राहिले. छपराखालच्या खोलीत, खुर्चीवर. जितकं वर जाता येईल तितकं. लॉरेनबाई तळघरातून माझ्या नावाने ओरडत होती आणि मी खुर्चीवरून खाली उतरू शकत नव्हते. तिला गुडघ्यांमुळे वर येता येईना. शेवटी ती पायरीवर बसून रडली. म्हणाली, "मी तुझ्यासाठी वर येऊन मरू का?"

तिकिटाची चौकशी केलीय. गावच्या जत्रेपर्यंत मी घरी असेन.

मला इथून जायचं नाहीये. हे मी पहिल्यांदाच लिहितेय. माझी माती छान चाललीय, सर खूश आहेत. गेल्या आठवड्यात दुकानातल्या माणसाने मला नावाने हाक मारली. मी भीतीला कंटाळलेय, गावाला नाही.

एक ओळ लिहा.

उन्नती


२० एप्रिल २०२५

बाबा,

तुम्हाला यातलं अर्धं ठाऊक आहे. तरी सगळं लिहिते, कारण तुमचा तसा हुकूम आहे.

गुरुवारी संध्याकाळी मी आईशी बोलत होते. तिकडे पहाट होती, ती पाणी भरत होती, फोन स्पीकरवर ठेवून. ती तिकिटाचंच विचारत होती. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि खिडकीबाहेर उजेड विचित्र झालेला मला दिसला, पण मी तो बघायचा नाही असं ठरवलं होतं.

भोंगा वाजला. गुरुवार होता, बाबा. बुधवार नव्हता.

लॉरेनबाईने मांजर उचललं आणि "चल!" म्हणत तळघराचं दार उघडून कठड्याला धरून उतरायला लागली. मी फडका ओला केला. तो करायचा नव्हता, पण हात ऐकेनात. तिच्या मागे गेले. एक पायरी, दोन, तीन. खिळा धरला. आणि वळले. खरं सांगते, वळले. माझं तोंड वरच्या जिन्याकडे होतं. घराच्या भिंती कुरकुरत होत्या, कानात दडे बसले होते, लॉरेनबाई खालून काहीतरी ओरडत होती आणि ते मला ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होता तो देवळासमोरचा आमचा पोरांचा सूर.

फोन हातातच होता. त्यातून आई किंचाळत होती, "काय झालं ग? कसला भोंगा?" आणि मग काहीतरी आपटलं, बादली असेल, आणि तुमचा आवाज आला. आठ महिन्यांनी.

"कुठं हाईस?"

मी खिळा आणखी घट्ट धरला.

"तिसरे पायरीव हाईस ना? खिला धरलाय ना?" तुम्ही म्हणालात. "मंग चौथी उतर."

मी म्हटलं, "बाबा, गॅस खाली बसतो."

"ता आपले गावान. ता माजा भोंगा." तुमचा श्वास मला ऐकू येत होता. "तिकरचा भोंगा मी नाय वाजवलाय, बाय. तिकरं ती लॉरेनबाय सांगतं ता ऐक. मी बोललू ता इसर. सोड खिला."

मी सोडला.

"उतरलीस?"

"हो."

"आजून एक. मी हाय हिथं. आजून एक." आणि मग, आवाज तुटत तुटत, "खाली पोचलीस का मना कलव."

फोन गेला.

वर काय झालं ते आम्ही ऐकलं, पाहिलं नाही. आगगाडी डोक्यावरून जावी तसा आवाज, मग लाकडं फुटल्याचा. लॉरेनबाईने माझं डोकं स्वतःच्या मांडीत दाबून धरलं होतं आणि मी तिच्या तोंडावर ओला फडका धरून बसले होते. तिने तो धरू दिला. मांजर मशीनच्या मागे होतं. तळघराला साबणाचा वास येतो, बाबा. इतके महिने मी ज्याला घाबरले तिथे साबणाचा आणि वाळलेल्या कपड्यांचा वास आहे.

वर आलो तर माझी खोली नव्हती. दारातलं मेपलचं झाड तिच्यात होतं. पलंगावर, खुर्चीवर, सगळीकडे. खुर्चीचे पाय सापडले, बाकीचं नाही. लॉरेनबाईने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा तीच खाली बसली.

इथले टॉवर पडले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन लागला. आई आधी नुसती रडली. मग तुमची तक्रार केली. म्हणाली, पत्रं सगळी उघडलेली निघाली. गच्चीवर नेऊन वाचायची आणि भाताच्या शितांनी पाकिटं परत चिकटवून फ्रिजवर ठेवायची. "मना वाटायचं पाकिटाला मुंग्या कला लागतान!" मी हसायला लागले आणि मला थांबता येईना. मग तिने तुमच्यापुढे फोन धरला. तुम्ही घेतला नाहीत. लांबून तुमचा आवाज आला, "पत्रान लिव म्हनाव. मी वाचन." आणि मागचं दार वाजलं.

तुम्ही मागच्या दारी का जाता ते आईने सांगितलंय. माझा आवाज नकोसा झालाय म्हणून नव्हे. जाऊ दे, लिहीत नाही. तुम्हाला आवडणार नाही.

तिकीट मी काढलेलं नाही. आता खालच्या मजल्यावर लॉरेनबाईच्या शिवणाच्या खोलीत राहतेय. कपडे मशीनमध्ये धुते. काल पंचा धुतला. मेच्या पहिल्या बुधवारी भोंगा वाजेल तेव्हा भीती वाटेल, ती जाणार नाही एवढ्यात. पण आता डोक्यात दोन आवाज आहेत, आणि दोन्ही तुमचेच आहेत, आणि कुठला कुठे ऐकायचा ते मला कळतं.

जत्रेला देवापुढे माझ्या नावाने नारळ ठेवा. पुढच्या मखराला मी नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी हात लावू द्या. आणि हे पाकीट चिकटवू नका, उघडंच ठेवा.

तर बाबा, तुम्ही नको म्हणाला होतात म्हणून हे एकच वाक्य मी इतक्या पत्रांत कुठे लिहिलं नव्हतं. आता तुम्ही मागितलंय.

मी पोचले.

तुमची बाय